आपापली सायकल आणावी

अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरातल्या एका धावपटूंच्या क्लबने १९७४ साली आपल्या वार्तापत्रात एक छोटीशी सूचना छापली. २५ सप्टेंबरला संध्याकाळी मिशन बे या खाडीकाठी एक नवीन प्रकारची शर्यत होणार होती. सहा मैल धावायचं, पाच मैल सायकल चालवायची आणि पाचशे यार्ड पोहायचं. साहित्याबद्दल त्या सूचनेत दोनच गोष्टी होत्या. एक, प्रत्येकाने आपापली सायकल आणावी. दुसरी, धावण्यातले सुमारे दोन मैल गवतावर आणि वाळूवर असल्यामुळे ते अनवाणी पळायचे आहेत.

ट्रायथलॉन या खेळाची ही पहिली साहित्ययादी. एक सायकल, आणि दोन मैलांपुरते तर बूटही नकोत! डॉन शॅनहॅन आणि जॅक जॉनस्टन या दोघांनी ही शर्यत भरवली होती. ४६ जण आले. संध्याकाळची वेळ असल्यामुळे शेवटचे लोक पोहत होते तेव्हा अंधार पडला होता. मग काठावर मोटारी उभ्या करून त्यांचे दिवे पाण्यावर सोडण्यात आले. बक्षिसाचे चषक करणाऱ्या माणसाला ‘ट्रायथलॉन’ हा शब्द शब्दकोशात सापडेना, म्हणून त्याने जॉनस्टन यांनाच स्पेलिंग विचारलं, अशीही एक हकिकत सांगतात.

आज त्याच खेळाची सायकल आपल्याकडेही काही लाखांना मिळते. पोहण्याचा रबरी पोशाख वेगळा, बूट वेगळे, मनगटावरचं घड्याळ वेगळं. पुण्या-कोल्हापुराकडच्या तरुणांत, आणि पन्नाशीच्या ‘तरुणांत’ही, या खेळाची चांगलीच ओढ निर्माण झाली आहे. घरोघरी प्रश्न एकच असतो, यातलं काय घ्यायचं आणि काय नाही? दुकानदाराला हा प्रश्न विचारला तर उत्तर ठरलेलं आहे. माझ्या मते तो प्रश्न इतिहासाला विचारावा. यातली प्रत्येक वस्तू कोणत्या अडचणीतून जन्माला आली ते कळलं, की ती अडचण आपली आहे की नाही हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

मिशन बेच्या त्या शर्यतीत जॉन कॉलिन्स नावाचे एक नौदल अधिकारी आणि त्यांच्या पत्नी ज्युडी होत्या. पुढे त्यांची बदली हवाईला झाली. तिथे १९७७ साली एका बक्षीस समारंभात वाद रंगला की सगळ्यात दमदार कोण, धावणारा, पोहणारा की सायकलवाला? कॉलिन्स यांनी तोड काढली. ओआहू बेटावर तीन मोठ्या स्पर्धांची अंतरं आधीच ठरलेली होती. समुद्रातलं पोहणं ३.८ किलोमीटर, बेटाभोवतीची सायकल फेरी सुमारे १८० किलोमीटर आणि ४२ किलोमीटरची मॅरेथॉन. ही तिन्ही एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक करायची. जो पहिला येईल त्याला ‘आयर्नमॅन’ म्हणायचं.

१८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण पाण्यात उतरले आणि १२ जण शेवटपर्यंत पोचले. गॉर्डन हॅलर पहिला आला, ११ तास ४६ मिनिटांत. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. एकाची सायकल उसनी होती आणि अंगात अर्धी कापलेली जीन्स होती. तोही वरच्या क्रमांकात आला. १८० किलोमीटर जीन्स घालून! ज्यांनी कधी शेजारच्या गावापर्यंत पँट घालून सायकल मारली आहे, त्यांना मांड्यांचं काय झालं असेल हे सांगायला नको.

इथपर्यंत हा हौसेचा मामला होता. १९८० साली अमेरिकेतल्या एका टीव्ही वाहिनीने ही शर्यत दाखवली. १९८२ च्या फेब्रुवारीत ज्युली मॉस ही मुलगी आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली, दुसरीने तिला मागे टाकलं, आणि ती रांगत रांगत रेषेपार गेली. ते दृश्य घराघरांत पाहिलं गेलं आणि शर्यतीला गर्दी लोटली. गर्दी आली की मागोमाग बाजार येतोच. पण गंमत अशी, की बाजाराने पहिल्या दोन ज्या वस्तू आणल्या त्या खरोखरच कामाच्या होत्या.

पहिली वस्तू वेटसूट. म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख. त्याचं कापड निओप्रीन या कृत्रिम रबराचं. ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत हे रबर १९३० साली तयार झालं. या रबराच्या फेसात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटींनी उष्णता ओढून घेतं. हे बुडबुडे ती उष्णता अडवतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यू ब्रॅडनर या पदार्थवैज्ञानिकाने पाणबुड्यांसाठी असा पोशाख सुचवला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या जॅक ओ’नील यांनी लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांमध्ये तो लोकप्रिय केला.

कॅलिफोर्नियाचा समुद्र उन्हाळ्यातही गार. ट्रायथलॉनवाले सुरुवातीला हेच फळीवाल्यांचे पोशाख घालून पोहायचा प्रयत्न करत. पण फळीवर उभं राहणाऱ्याला खांदा गोल फिरवायचा नसतो, पोहणाऱ्याला तो हजारो वेळा फिरवावा लागतो. जाड, ताठ बाह्यांमध्ये हात भरून यायचे. १९८७ साली डॅन एम्पफील्ड याने ‘क्विंटाना रू’ या नावाने खास पोहण्यासाठीचा वेटसूट काढला. खांद्याशी पातळ, धडाला नि मांड्यांना जाड, आणि बाहेरून गुळगुळीत.

याचा खरा फायदा उबेपेक्षा वेगळाच निघाला. माणूस पाण्यात आडवा झाला की फुप्फुसांतल्या हवेमुळे छाती तरंगते आणि पाय खाली जातात. कसलेला पोहणारा ते लाथेने आणि पोटाच्या ताकदीने सावरतो. नवख्याचे पाय बुडत राहतात आणि तो नांगर ओढत गेल्यासारखा पुढे सरकतो. निओप्रीन त्याचे पाय वर उचलून धरतं. म्हणजे या पोशाखाने तरबेज माणसाला थोडं दिलं आणि कच्च्या माणसाला भरपूर दिलं. धावण्यात पटाईत पण पाण्याला बिचकणारे कितीतरी लोक यामुळे या खेळात आले. एखाद्या महाग वस्तूने दार अरुंद करण्याऐवजी रुंद केलं, असं क्वचित घडतं. म्हणून वेटसूटला मी मनापासून मान देतो.

त्याची पारख तशी सोपी आहे, फक्त दुकानात लाजून चालत नाही. घालायला पंधरा मिनिटं लागली तरी घालून पाहावा. कोरड्यावर तो गच्च वाटला पाहिजे. पाण्यात तो सैलावतो. पाठीच्या खोलगट भागात आणि काखेत पोकळी राहिली तर तिथे पाणी साठतं आणि सगळा फायदा वाहून जातो. दोन्ही हात पोहल्यासारखे फिरवून पाहावेत, खांद्याला ओढ बसली तर माप किंवा कंपनी बदलावी. नखं कापलेली असावीत, कारण निओप्रीन नखाने फाटतं. मानेला घासू नये म्हणून काहीतरी लावावं लागतं, पण पेट्रोलियम जेली नको, ती या रबराला खाते. आणि शर्यतींच्या नियमात जाडीची मर्यादा ५ मिलिमीटर आहे, तेवढं लेबल वाचावं.

मात्र त्याआधी एक प्रश्न विचारावा : पाणी गार आहे का? आयर्नमॅनच्या नियमानुसार पाणी २४.५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की वेटसूट घालून बक्षिसाच्या स्पर्धेत राहता येत नाही. त्यामुळे जिथे या शर्यतीचा जन्म झाला त्या हवाईच्या कोमट समुद्रात वेटसूट चालत नाही. आपल्याकडे गोव्यात मिरामार किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये अर्ध्या अंतराची आयर्नमॅन शर्यत सुरू झाली, १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१ किलोमीटर धावणं. अरबी समुद्राचं ऑक्टोबरातलं पाणी या मर्यादेच्या बरंच वर असतं. गोव्यासाठी वेटसूट घेणं म्हणजे कोकणात जाताना लोकरी कानटोपी घेण्यासारखं आहे. युरोपात शर्यतीला जाणार असाल तर गोष्ट निराळी.

दुसरी वस्तू म्हणजे एक साधं हँडल. त्याची कथा मला फार आवडते. बून लेनन हा अमेरिकेच्या स्कीइंग संघाचा प्रशिक्षक. बर्फाच्या उतारावरून घसरणारा खेळाडू हात समोर घेऊन, कोपरं मिटून, अंडाकृती होऊन वारा कापतो. सायकलवाला मात्र रुंद हँडल धरून, छाती वाऱ्याला उघडी टाकून बसतो. लेननने विचार केला, सायकलवाल्याला त्या स्कीवाल्यासारखं बसवलं तर? १९८७ च्या सुमारास ‘स्कॉट’ कंपनीने त्याचं हँडल बाजारात आणलं. कोपरं टेकायला जागा आणि पुढे आलेल्या दोन दांड्या. आज त्याला एअरोबार म्हणतात.

ट्रायथलॉनवाल्यांनी ते लगेच उचललं, कारण त्यांच्या खेळाला परंपरेचं ओझं नव्हतं. सायकल शर्यतींचं जग युरोपातलं, शंभर वर्षांचं, मानमरातबाचं. तिथे या शिंगांना नाकं मुरडली गेली. मग आला २३ जुलै १९८९ चा दिवस. तूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा, व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटर, प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध पळवायची सायकल. फ्रान्सचा लॉराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड ट्रायथलॉनवाल्यांचं ते हँडल लावून आणि मागे निमुळतं होत गेलेलं हेल्मेट घालून आला. फिन्यों साध्या हँडलावर, उघड्या डोक्याने, मागे केसांची शेपटी उडवत. त्या टप्प्यात लेमाँडने ५८ सेकंद भरून काढले आणि तीन हजार दोनशेहून अधिक किलोमीटरची स्पर्धा ८ सेकंदांनी जिंकली.

आता त्याच वर्षातला दुसरा एक दिवस पाहा. १४ ऑक्टोबर १९८९, हवाई. मार्क अ‍ॅलन आणि डेव्ह स्कॉट. स्कॉटने तोवर ही शर्यत सहा वेळा जिंकलेली, अ‍ॅलनने एकदाही नाही. दोघे पाण्यातून जवळजवळ एकत्र बाहेर पडले, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात १८० किलोमीटर सायकल मारली आणि मग खांद्याला खांदा लावून मॅरेथॉन पळत राहिले. आठ तासांत एकमेकांशी शब्द नाही. शेवटच्या काही किलोमीटरवरच्या चढावर अ‍ॅलन निसटला. अंतर किती पडलं? पुन्हा ५८ सेकंद! एअरोबार तोपर्यंत ट्रायथलॉनमध्ये सर्रास झाला होता. तिथे कोणाच्या हँडलाला श्रेय द्यायची सोय नव्हती. पॅरिसचे ५८ सेकंद हँडलाचे असं म्हणता येईल, फिन्योंला शरीराला खोगीर घासून झालेली जखमही होती हे लक्षात ठेवून. हवाईचे ५८ सेकंद मात्र पायांचे. साहित्याबद्दल बोलताना हे दोन आकडे मी नेहमी शेजारी शेजारी ठेवतो. एखादी वस्तू एकाकडेच असते तोवर ती जिंकवते. ती सगळ्यांकडे आली की फक्त प्रवेश फी वाढलेली असते.

मग सगळ्यात वेगवान सायकल कुणाची, यापेक्षा कोणती सायकल कायदेशीर, हाच वाद होऊन बसला. १९९३ साली स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्रीने घरी बनवलेल्या सायकलवर तासात ५१.५९६ किलोमीटरचा विश्वविक्रम केला. त्या सायकलीत त्याने कपडे धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग बसवले होते. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने त्याची बसण्याची पद्धतच बाद केली आणि १९९६ मध्ये ठराव केला की सायकल ही सायकलसारखीच दिसली पाहिजे. ट्रायथलॉनने लांब पल्ल्याच्या शर्यतींत हे बंधन मानलं नाही. म्हणून त्यांच्या सायकली इतक्या चमत्कारिक दिसतात. सीट पुढे सरकलेली, काहींना तर सीटखालचा दांडाच नाही.

सीट पुढे घेण्यामागे मात्र कारण आहे. एअरोबारवर वाकलं की पोट आणि मांडी एकमेकांवर येतात, पाय वर उचलताना अडचण होते. सीट पुढे घेतली की संपूर्ण शरीर पेडलवर पुढे झुकतं आणि मांडीला मोकळी जागा मिळते. एम्पफील्डनेच १९८९ मध्ये सीटचा दांडा जवळपास ८० अंशांत उभा केलेली सायकल काढली, तिचं कारण हेच.

पण ऑलिम्पिकमधली ट्रायथलॉन निराळी. २००० साली सिडनीत हा खेळ पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला. १.५ किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० धावणं. तिथे दुसऱ्याच्या सायकलमागे, त्याच्या वाऱ्याच्या आडोशाने चालवायला परवानगी आहे. घोळक्यात लांब दांड्यांचं हँडल धोक्याचं, म्हणून तिथे साधी वळणदार हँडलची रोड सायकल लागते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत आडोसा घेणं हा गुन्हा, म्हणून तिथे वारा कापणारी सायकल. ‘चांगली सायकल कोणती’ या प्रश्नाला म्हणूनच अर्धं उत्तर असतं, कोणत्या शर्यतीसाठी हे आधी सांगा.

राहिलेलं अर्धं उत्तर हवेत आहे. सपाटीवर ताशी ३५-४० किलोमीटर वेगाने जाताना सायकलवाल्याची बहुतेक ताकद हवेशी झगडण्यात जाते, आणि त्या हवेच्या अडथळ्याचा मोठा हिस्सा सायकलचा नसून माणसाच्या अंगाचा असतो. वेग वाढला की लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून जुन्या साध्या रोड सायकलला एअरोबार लावून, उंची नीट बसवून घेतलेला माणूस, महागड्या सायकलवर ताठ बसलेल्या माणसाला मागे टाकतो. बसण्याची परीक्षा एकच. त्या वाकलेल्या स्थितीत तुम्हाला श्वास घेता येतो का, पाणी पिता येतं का, आणि तासभर टिकता येतं का? दर पाच मिनिटांनी पाठ दुखून उठावं लागत असेल, तर ती सायकल वारा कापत नाही, पैसे कापते.

यानंतर टायर. पातळ, लवचिक टायर रस्त्यावर कमी ताकद खातं आणि चाकांच्या मानाने फारच स्वस्त असतं. त्याकडे दुर्लक्ष होतं, कारण टायर फोटोत उठून दिसत नाही. खोल रिमची आणि थाळीसारखी भरीव चाकं मात्र फोटोत झकास येतात. ती वेगवान आहेत यात शंका नाही. पण आडवा वारा त्यांना शिडासारखा ढकलतो. हवाईच्या शर्यतीत याच कारणासाठी भरीव चाकांना बंदी आहे. आपल्याकडे घाटात आणि समुद्राकाठच्या पुलावर वारा कसा येतो ते मी सांगायला नको.

मोजमापाची साधनंही आली. फिनलंडच्या पोलार कंपनीचा हृदयाचे ठोके मोजणारा बिनतारी पट्टा १९८२ मधला, जर्मनीच्या उलरिख शोबेरर यांचं पेडलवरची ताकद मोजणारं यंत्र १९८६ मधलं. अति जोशाने सुरुवात करून शेवटी रस्त्यावर बसणाऱ्यांना यांचा उपयोग होतो. ज्यांना आपला दम ओळखता येतो त्यांचं त्यांच्यावाचूनही भागतं. हॅलर आणि मंडळींचं भागलंच होतं.

बुटांबद्दल एवढंच, की २०१७ पासून तळात कार्बनची पट्टी आणि जाड फेस असलेले बूट आले. अमेरिकेत १८ धावपटूंवर केलेल्या चाचणीत त्यांनी सरासरी ४ टक्के ऊर्जा वाचवली. त्यानंतर २०२० मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या बुटांच्या तळाची जाडी ४० मिलिमीटरवर रोखावी लागली. पोहण्यात तर याआधीच तमाशा झाला होता. २००९ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत चकचकीत कृत्रिम पोशाखांमुळे ४३ विश्वविक्रम पडले आणि १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बंद झाले. बूट घेताना मात्र विक्रमाची आठवण ठेवू नये. ज्या बुटात आपल्याला सायकलवरून उतरून, सुजलेल्या पायांनी २१ किलोमीटर जाता येतं, तो आपला बूट.

आपल्या मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, झुरिकची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. लांब शर्यतीला सहसा १७ तासांची मुदत असते. म्हणजे बहुतेकांची झुंज ५८ सेकंदांशी नसते, त्या सतराव्या तासाशी असते. तिथे पंक्चर काढता येणं आणि वेळेवर पाणी पिणं यांची किंमत भरीव चाकापेक्षा जास्त ठरते. आम्हा कवी मंडळींना एक कागद आणि पेन्सिल पुरते, त्यामुळे दुसऱ्यांच्या खर्चावर बोलणं आम्हाला सोपं जातं, हे मान्य. तरीही लाखाची सायकल नाही म्हणून घरी बसलेला कोणी हे ऐकत असेल, तर त्याला ती जीन्सवाल्याची उसनी सायकल आठवावी असं मला वाटतं.

एका वस्तूवर मात्र कधीच घासाघीस करू नये. ट्रायथलॉनमध्ये पोहून आल्यावर ओल्या अंगाने सायकलपाशी पळत येतात, तेव्हा एक नियम डोळ्यांत तेल घालून पाळला जातो. हेल्मेट डोक्यावर चढवून हनुवटीखालचा पट्टा लागल्याशिवाय सायकल जागची हलवायची नाही. वेटसूट, एअरोबार, कार्बनचे बूट, सगळं ऐच्छिक आहे, हे नाही. मिशन बेच्या त्या पहिल्या सूचनेत हेल्मेटचा उल्लेख नव्हता. सायकलसाठी खास बनवलेलं, आतून कडक फेसाचं ‘बेल’ कंपनीचं हेल्मेट बाजारात आलं ते १९७५ साली, त्या शर्यतीनंतर. आज ते गावातल्या सायकलच्या दुकानातही मिळतं. घेताना डोक्याचा घेर मोजून घ्यावा, पट्टा लावून मान जोरात हलवून पाहावी, आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही धड दिसलं तरी पुन्हा वापरू नये. आतला फेस एकदाच दबतो.